चार दिवसांची मुदत

जुन्नरच्या खानाने अफानासी निकितिनचा घोडा काढून घेतला, तो घोडा उमदा होता म्हणून, की घोड्याचा मालक मुसलमान नसून ख्रिस्ती निघाला म्हणून? प्रसंग साडेपाचशे वर्षांपूर्वीचा, बहमनी अमलातला. त्याला साक्षीदार एकच, खुद्द निकितिन, आणि त्याने दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगून टाकल्या आहेत. बहमनी तवारिखांत या रशियन व्यापाऱ्याचा मागमूस नाही. असावा असं त्याने काही केलंही नव्हतं. एक घोडा आणला, तो जुन्नरात जवळजवळ गमावला आणि पुढे बीदरला विकला. पण जुन्नरात त्याच्यावर जी वेळ आली ती, आणि त्यानंतर परधर्मीयांकडे बघण्याची त्याची नजर ज्या आडवळणांनी बदलत गेली ती हकिकत, कागदावर शिल्लक आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेचा निवाडा आपल्या हाती ठेवायचा नाही, हे ख्रिस्ती माणसाला प्रत्यक्षात कसं जमतं आणि कुठे जमत नाही, ते या मुलखात घडताना दाखवणारा इतका जुना कागद दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

आधी त्या कागदाची कुळकथा. रशियन इतिवृत्तांत सृष्टिसंवत 6983, म्हणजे आपलं 1474-75, या सालाखाली एक नोंद आहे. त्वेरच्या अफानासी व्यापाऱ्याचं लिखाण या वर्षी हाती आलं, तो चार वर्षं हिंदुस्थानात होता, परतताना स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वारला, वह्या त्याच्या हातच्या असून व्यापाऱ्यांनी त्या मॉस्कोत महाराजांचा कारकून वसिली मामिरेव याच्याकडे पोचवल्या, एवढंच. मूळ वह्या आता नाहीत, नकला आहेत. त्यातली एक इतिहासकार करमझिनला ट्रिनिटी-सेर्गियस मठाच्या ग्रंथालयात सापडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिची वाच्यता झाली. 1857 मध्ये लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने इंग्रजी भाषांतर छापलं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांचा ‘परदेसी’ चित्रपट आला, आणि निकितिन भारत-रशिया मैत्रीचा दूत होऊन बसला. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. वह्यांतला माणूस मात्र वेगळा आहे. व्होल्गाच्या मुखाशी लुटला गेलेला, रिकाम्या हाताने घरी जायचं तोंड नाही म्हणून पुढे पुढे सरकत राहिलेला, तक्रारखोर, भाविक आणि फार एकटा.

त्या लुटीत त्याची धर्मपुस्तकं गेली. पुढच्या सगळ्या हकिकतीच्या मुळाशी हे आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाचं वर्ष पुस्तकातल्या सणांवर आणि उपवासांवर चालतं. ईस्टर दरवर्षी सरकतो आणि त्याच्याबरोबर निम्मं पंचांग सरकतं. पुस्तक नाही म्हणजे तिथी नाही, आणि तिथी नाही म्हणजे उपवास कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हेही ठाऊक नाही.

तरी जुन्नरपर्यंत त्याच्या तारखा शाबूत आहेत, आणि त्यांवरून त्याचा प्रवास मांडता येतो. ईस्टर उलटल्यावर लगेच तो होर्मुझहून घोड्यांच्या तारवात बसला. समुद्रावर सहा आठवडे गेले. चौलहून तो निघाला ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात. पुढे पालीपर्यंत आठ दिवस, पालीहून उमरीपर्यंत दहा, तिथून जुन्नरपर्यंत सहा, असे चोवीस दिवस. पावसाळा लागला तो त्रैक्याच्या सणाला, असं तो लिहितो. हा सण ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येतो. म्हणजे चौल सोडलं आणि आठवड्याच्या आतच पाऊस सुरू झाला. कोकणातून घाटमाथा चढून जुन्नर गाठायला चोवीस दिवस का लागले, याचं उत्तर इथे मिळतं. कोसळत्या पावसात, निसरड्या वाटेने, शंभर रूबल किमतीचं जनावर सांभाळत हा माणूस वर आला. साल कोणतं, यावर दोन मतं आहेत. जुन्या अभ्यासकांनी 1469 धरलं होतं. 1986 च्या रशियन आवृत्तीत सेम्योनोव्ह यांनी सगळी कालगणना नव्याने बसवली आणि हिंदुस्थानातला मुक्काम 1471 ते 1474 असा ठरवला. कोणतंही साल घेतलं तरी तो जुन्नरला पोचला जून महिन्यात, आणि निघाला मरियेच्या सणाला, जुन्या पंचांगाच्या 15 ऑगस्टला. दोन महिने राहिलो, असं तो म्हणतो. हिशोब जुळतो.

याच परिच्छेदात तो म्हणतो की चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल होता, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, गहू, तांदूळ, हरभरा पेरतात. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे दाखवलं तर तो हसेल. भाताचं ठीक आहे, पश्चिम पट्ट्यात आवणी त्याच दिवसांत असते. पण गहू आणि हरभरा रब्बीचे, आणि निकितिन तर ऑगस्टच्या मध्यातच निघून गेला होता. शिवाय दोन महिन्यांच्या मुक्कामात चार महिन्यांचा पाऊस कसा बघणार? तेव्हा हा मजकूर जुन्नरात बसून लिहिलेला नाही. पुढचं पाहिलेलं आणि ऐकलेलं मिसळून तो मागाहून लिहिलेला आहे. घोड्याच्या खुराकाबद्दल मात्र त्याची चूक होत नाही. हरभऱ्याची चंदी, साखर-तूप घातलेली खिचडी आणि भल्या पहाटे तांदळाचे पदार्थ. खर्च खिशातून जात होता, म्हणून लक्षात राहिलं.

जुन्नर खडकावर वसलेलं आहे, कोणी तट बांधलेला नाही, देवानेच ते तसं घडवलंय, वाट इतकी अरुंद की दोघं शेजारी चालू शकत नाहीत, असं वर्णन तो करतो. वाचताना शिवनेरीच डोळ्यांपुढे येते, पण वर जायला दिवस लागतो हे तिला लागू पडत नाही. घाटचढणीची दमछाक या वाक्यात शिरली असावी. इथला खान असदखान. तो माणसांच्या खांद्यावरून फिरतो, म्हणजे पालखीतून. त्याच्याकडे हत्ती आहेत, घोडे आहेत, पदरी पुष्कळ खोरासानी लोक आहेत. आणि तो स्वतः मलिक-उत-तुज्जारचा चाकर. हा मलिक-उत-तुज्जार म्हणजे महमूद गवान, बहमनी राज्याचा वजीर. तो त्या वर्षांत कोकणच्या मोहिमेत गुंतला होता आणि 1472 च्या आरंभी त्याने गोवा घेतला. काफिरांशी वीस वर्षं त्याची झुंज चालली आहे, कधी ते याला मारतात, कधी हा त्यांना, असं निकितिन तटस्थपणे लिहितो.

आता मुख्य प्रसंग. हा माणूस मुसलमान नाही, रूसी आहे, हे खानाला कळलं. कळलं, या शब्दात बरंच काही आहे. तोवर निकितिन मुसलमान म्हणून वावरत होता. स्वतःचं मुसलमानी नाव त्याने पुढे एका ठिकाणी दिलंच आहे, खोजा युसुफ खोरासानी. घोडा गेला. खानाचा निरोप असा की आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही आलास तर घोडा माझा, आणि हजार नाणी तुझ्याकडून वसूल. मुदत चार दिवसांची, तारणाऱ्याच्या सणापर्यंत. हा सण 6 ऑगस्टचा, येशूच्या रूपांतराचा, आणि तो मरियेच्या सणाआधीच्या उपवासात येतो. म्हणजे धमकी आली तेव्हा निकितिनचा उपवास चालू होता.

यात धर्म किती आणि घोडा किती? इस्लामी कायद्यात ख्रिस्ती माणूस हा किताबी. त्याच्याकडून कर घ्यावा, जबरीने बाटवू नये, ही रीत. आपला धर्म लपवून फिरणारा परका व्यापारी हाती लागल्यावर खानाला ती रीत पाळायची गरज वाटली नसावी. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नव्हती, अरबी आणि इराणी घोडे चौल-दाभोळच्या बंदरांतून येत, आणि सरदाराची पत त्याच्या पागेवर ठरे. माझा कौल घोड्याच्या बाजूने आहे. हजार नाण्यांचं आमिष आणि हजारांचाच दंड, हा आकडा सौदा करणाऱ्याच्या तोंडचा वाटतो.

सणाच्या आदल्या दिवशी महमद नावाचा एक खोरासानी तिथे आला. त्याच्या नावामागे जी पदवी आहे ती पाहता कोणी वजनदार असामी. निकितिनने त्याच्यापुढे डोकं टेकलं आणि रदबदली करायला विनवलं. महमद शहरात खानाकडे गेला. याचा अर्थ निकितिनचा मुक्काम शहराबाहेरच्या एखाद्या सराईत असणार. त्याने या माणसाला बाटवू नये म्हणून खानाचं मन वळवलं आणि घोडाही सोडवून आणला. महमदबद्दल एवढंच. त्याने हे का केलं, मोबदला घेतला का, कागद काही सांगत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. निकितिन खोरासानी असल्याची बतावणी करत होता, आणि त्याला सोडवणारा खराखुरा खोरासानी होता. बतावणी उघडी पडल्यावरही तो मध्ये पडला.

लूकच्या शुभवर्तमानात वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्याच्या धर्माचे दोघं बाजूने निघून जातात आणि ज्याला त्याचे लोक पतित समजत तो शोमरोनी थांबतो. निकितिनला ती गोष्ट पाठ असणार. सुटकेनंतर त्याला ती आठवली असेल, असं आपल्याला वाटतं. वहीत मात्र तसं काही नाही. सुटकेचं श्रेय तो सणाला आणि देवाच्या चमत्काराला देतो, महमदचं नाव घेऊन पुढे जातो. आणि पुढच्याच वाक्यात रशियातल्या ख्रिस्ती बांधवांना कडवट सल्ला देतो: हिंदुस्थानात यायचं असेल तर आपला धर्म घरीच ठेवा, महंमदाचं नाव घ्या आणि मग निघा. इथे खूप माल मिळेल असं सांगणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांना तो कुत्रे म्हणतो. ज्या सराईत राहिला तिथल्या बायकांबद्दल तर तो असं काही लिहितो की जुन्नरच्या कोणत्याही माणसाचं रक्त तापेल. यजमानीण पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते इथपर्यंत ठीक, पुढचं सांगोवांगीचं आणि बाजारू आहे. परदेशी व्यापारी ज्या वस्तीत उतरतो, तिच्यावरून तो सगळ्या मुलखाची परीक्षा करतो. हा रोग जुना आहे.

म्हणून मला हा कागद खरा वाटतो. जुन्नरात निकितिनला कसलाही साक्षात्कार झाला नाही. तो निघाला तेव्हा दुखावलेला होता, आणि निवाडा करायची त्याची सवय जागच्या जागी होती.

बदल दिसतो तो बीदरला. जुन्नरहून तिथे पोचायला महिना लागला. मधे कुलुंगीर-गुलबर्ग्याकडे फेरी झाली आणि नाताळाच्या सुमारास घोडा विकला गेला. वर्षभराच्या चाऱ्याचा हिशोब त्याने लिहून ठेवला आहे, अडुसष्ट फनम. तिथे त्याची पुष्कळ हिंदूंशी ओळख झाली आणि त्याने एक गोष्ट आपण होऊन केली, जी जुन्नरात त्याच्यावर बेतली होती. त्याने त्यांना सांगितलं की मी मुसलमान नाही, मी येशूच्या धर्माचा, माझं नाव अफानासी. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, ना खाणं, ना व्यापार, ना पूजाअर्चा, आणि घरच्या बायकाही पडद्याआड केल्या नाहीत. याच लोकांबद्दल तो लिहितो की परक्या मुसलमानाची नजर भांड्यात पडली तर हे लोक ते अन्न खात नाहीत, काही जण तर जेवताना अंगावरून कापड ओढून घेतात. अशा लोकांनी त्याच्यासमोर चूल उघडी ठेवली.

आणि तोही मग वेगळ्या नजरेने बघू लागतो. इथे चौऱ्यांशी पंथ आहेत, एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करत नाही, असं तो नोंदवतो आणि त्यावर काही बोलत नाही. ते उजव्या हाताने जेवतात, सोमवारी एकदाच खातात, प्रार्थना पूर्वेकडे तोंड करून करतात, आपल्या रशियन लोकांसारखी. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलमच्या यात्रेला जातो आणि आपल्या वाचकाला समजावून सांगतो की हे त्यांचं जेरुसलेम, मुसलमानांच्या हिशोबाने मक्का. तिथल्या मूर्तीचा उंचावलेला हात बघून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवतो. मूर्तिपूजेचा तिटकारा त्याच्या धर्मात मुरलेला होता. त्याने तो इथे कागदावर येऊ दिला नाही.

दरम्यान त्याचं स्वतःचं पंचांग मोडून पडलं होतं. ईस्टर कधी आला हे तो अंदाजाने ठरवतो, मुसलमानांच्या बैरामच्या आधी नऊ-दहा दिवस असेल म्हणून. बुधवार-शुक्रवारचे उपवास सुटले, तेव्हा त्याने मुसलमानांबरोबर त्यांचा महिना धरला, मांस आणि लोणी सोडलं, भाकरी-पाण्यावर राहिला. उपवास त्यांचा होता, प्रार्थना त्याची. मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला इस्लाममध्ये येण्याचा आग्रह केला तेव्हा त्याने तुर्की बोलीत उत्तर दिलं: तुम्ही नमाज पढता, मीही प्रार्थना करतो, तुमच्या पाच, माझ्या तीन, मी परका, तुम्ही इथले. मलिक म्हणाला, तू मुसलमान दिसत नाहीस हे खरं, पण ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. हे बोलणं त्याला लागलं. त्यानंतरच्या ओळींत तो रडतो, वाट चुकलो म्हणतो, देवाने तोंड फिरवू नये म्हणून विनवतो. चार ईस्टर परमुलखात गेले, ख्रिस्ती धर्म सोडला नाही, पुढचं देव जाणे, असंही लिहितो.

हिंदुस्थानातल्या मुक्कामाच्या शेवटी, सुलतानाच्या फौजांची वर्णनं चालू असताना, अचानक ते वाक्य येतं ज्यावर अभ्यासक अजून भांडतात. खरा धर्म कोणता हे देव जाणतो, आणि खरा धर्म म्हणजे एका देवाला ओळखणं आणि शुद्ध जागी शुद्ध मनाने त्याचं नाव घेणं, असा त्याचा आशय. डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या सातव्या अध्यायात, दुसऱ्याचा न्याय करू नका अशी ताकीद आहे. पण त्या काळच्या ख्रिस्ती जगात ती ताकीद धर्ममताला लावायची कोणाची फारशी तयारी नव्हती. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर कार्डिनल निकोलस ऑफ क्यूसाने लॅटिनमध्ये लिहिलं की विधी अनेक असले तरी धर्म मुळात एक. ते विद्वानांपुरतं राहिलं. खुद्द रशियात, निकितिनच्या वह्या मॉस्कोत पोचल्यानंतर तीस वर्षांच्या आत, 1504 मध्ये, पाखंडी ठरवलेल्यांना जाळण्यात आलं. आणि आपल्याकडे गवानने घेतलेल्या गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायालय बसलं.

मग निकितिन बाटला की नाही? 1989 मध्ये गेल लेनहॉफ आणि जॅनेट मार्टिन यांनी असं मांडलं की तो मुसलमान झाला होता, त्याचे उपवास, त्याच्या अरबी-तुर्की प्रार्थना, सगळं तेच सांगतं. रशियन अभ्यासक लुरिए यांना हे मान्य नव्हतं. मला लेनहॉफ-मार्टिन यांचा पुरावा पटतो, निष्कर्ष पटत नाही. इस्लाम स्वीकारला असता तर जुन्नरचा घोडा रदबदलीशिवाय मिळाला असता, वर हजार नाणी. दख्खनमध्ये परदेशी मुसलमानाला वर चढायला वाव होता. गवान स्वतः गीलानहून व्यापारी म्हणूनच आला होता. निकितिनने ते सगळं सोडलं आणि दाभोळहून परतीचं तारू धरलं, जिथे पोचून फायदा काहीच नव्हता अशा घरासाठी. दुसरीकडे, महमदच्या रदबदलीने वाचलेला, हिंदूंच्या चुलीशी बसलेला आणि रमजानचे रोजे धरलेला माणूस जुन्या ठसक्यात बाकीचे सगळे नरकात जाणार असं म्हणू शकत नव्हता. त्याला शत्रूंवर प्रेम करा हे जमलं नाही. खानाला त्याने माफ केल्याची खूण कुठे नाही. निवाड्याचं काम तेवढं त्याने सोडून दिलं, आणि तेही सहजासहजी नाही.

वारा फिरला आणि तारू आधी इथिओपियाच्या किनाऱ्याला लागलं. मग मस्कत, होर्मुझ, तब्रीझ, त्रापेझुंत. तिथे कागदपत्रांच्या शोधात त्याच्या सामानाची झडती झाली आणि किडूकमिडूक होतं तेही गेलं. काळा समुद्र ओलांडून काफाला पोचल्यावर त्याने देवाचे आभार मानले आणि वही एका लांब प्रार्थनेने संपवली. ती अरबी शब्दांत आहे, अल्लाची कुराणातली नावं एकामागून एक, आणि त्यांच्यात ईसाचं नाव, देवाचा आत्मा म्हणून. मठातल्या प्रतीत ती आहे. नक्कल करणाऱ्याला त्यातलं फारसं कळलेलं दिसत नाही, अक्षरं जागोजाग मोडली आहेत, पण ती त्याने शेवटपर्यंत उतरवून घेतली आहेत.